अध्यक्षांचं भाषण

ठमाबाई झोपल्या की मी आधी पाय पसरते आणि मग फोन उचलते. ठमाबाई म्हणजे माझी मुलगी. अजून धड उभं राहता येत नाही, उभं केलं तर बाजूला कलंडते, पण घर चालतं ते तिच्याच तालावर. ती मांडीवर झोपली की माझा उजवा हात तिच्या डोक्याखाली अडकतो. मग डाव्या हाताच्या अंगठ्याने मी ज्ञानकोशावर गस्त घालते.

इंटरनेटवरचा हा ज्ञानकोश कुणा एकाचा नाही. कुणीही यावं, लेख लिहावा, दुसऱ्याचा दुरुस्त करावा. दार असं सताड उघडं असल्यामुळे कुणीतरी उंबऱ्यात बसावं लागतं. नवीन काय लिहिलंय ते वाचायचं. दुसऱ्याच्या पुस्तकातला मजकूर कुणी जसाच्या तसा आणून ओतला असेल तर तो उचलून बाहेर ठेवायचा. कुणाची आरती ओवाळली असेल किंवा कुणाचा उद्धार केला असेल, तर ते खरवडून नुसती माहिती शिल्लक ठेवायची. तिथलं माझं नाव 'अर्धा चहा'. बाळ झाल्यापासून मी पूर्ण चहा प्यायलेली नाही, म्हणून. माझ्यासारखाच गस्त घालणारा आणखी एक आहे, 'खोडरबर'. तो कोण, कुठला, बाई की बुवा, मला ठाऊक नाही. मी आपलं 'तो' म्हणते. मी एखादा लेख साफ केला की तो खाली येऊन 'चोख' एवढंच लिहून जातो. मला तो एक शब्द दिवसभर पुरतो. घरात मी जे काही स्वच्छ करते ते संध्याकाळपर्यंत परत मळलेलं असतं, आणि त्याला चोख म्हणायला कुणी येत नाही.

बाबांना तिथे मीच नेलं.

बाबा भाषेचे शिक्षक होते. ते निवृत्त झाले, मग आई गेली, मग ते आमच्याकडे राहायला आले. सकाळी उठून नीट दाढी करायचे आणि दाढी केलेल्या माणसाने पुढे कुठे जायचं ते न सुचून खिडकीजवळच्या खुर्चीत बसून राहायचे. ते मला बघवेना. जुना कॉम्प्युटर बाहेरच्या खोलीत मांडला, त्यांना खुर्ची ओढून दिली आणि म्हटलं, "बाबा, तुम्हाला इतकं माहीत आहे. लिहा ना."

त्यांनी नाव घेतलं 'मास्तर', आणि माणूस बदलला. दाढी झाली की चष्मा पुसून टेबलाशी. माझा नवरा ऑफिसला निघाला की तिथूनच हाक यायची, "जावईबापू, काल पाणीपुरवठा संपवला. आज टपाल घेतोय."

"बाबा, जरा हळू. या वेगाने शहरात लिहायला काही उरायचं नाही," तो म्हणायचा.

"मग शेजारच्या शहरात घुसू."

मी आतल्या खोलीत बाळाला पाजत हे ऐकायचे आणि मला फार बरं वाटायचं. त्यांचे लेख वाचायला मला पुष्कळ दिवस वेळच झाला नाही. शेवटी वाचले.

पाणीपुरवठ्याचा लेख असा सुरू होत होता: 'या नगरीची तहान भागवणारी माउली म्हणजे हा जलाशय.' मला हसू फुटलं. आमच्या गावात कुणाचाही सत्कार असो, मानपत्र लिहायला लोक बाबांकडे यायचे. त्यांनी जलाशयालाही मानपत्रच दिलं होतं. पण दुसऱ्या परिच्छेदापासून आवाज बदलला. माउली गेली, गाळण्या आल्या, झडपा आल्या, पाइपांचे व्यास आले. बाबांना घरातल्या नळाचा वॉशर बदलता येत नाही. मी त्यातलं एक वाक्य शोधून पाहिलं. शहराच्या पाण्यावरचं एक पुस्तक बाबांच्याच कपाटात आहे. त्यातली पानंच्या पानं होती ती. टपालाचंही तसंच, बागेचंही तसंच.

माझ्या कानाच्या पाळ्या तापल्या. शाळेत बाबा माझ्याच वर्गाला शिकवायचे. ते पाठमोरे झाले की मुली त्यांची नक्कल करायच्या, आणि मी त्यांची मुलगी नसल्यासारखी हसायचे. तेव्हा पाळ्या अशाच तापायच्या.

त्यांना लगेच सांगायचं, एवढंच खरं तर करायचं होतं. त्याऐवजी बाळ झोपलं की मी गुपचूप त्यांचे लेख उघडायचे, उतरवलेलं काढायचे, तीच माहिती माझ्या शब्दांत लिहायचे. बदल का केला हे सांगायला तिथे एक ओळ असते. त्या ओळीत मी लिहायचे, 'भाषा सुधारली'. दुसऱ्या कुणाचं असं सापडलं असतं तर मी 'मजकूर चोरीचा' लिहिलं असतं आणि त्याच्या चर्चेच्या पानावर, म्हणजे लोक त्याला निरोप लिहितात तिथे, इशारा लावून आले असते.

तरी बागेचा लेख माझ्याआधी खोडरबरच्या हाती लागला. त्याने मास्तरांना सभ्य भाषेत पहिला इशारा दिला आणि मला लिहिलं, 'या सदस्याच्या लेखांवर लक्ष ठेवाल का?'

'ठेवते,' मी लिहिलं. हा सदस्य भिंतीपलीकडे बसून घसा खाकरतोय, हे लिहिलं नाही.

त्या दुपारी मी बाबांशी बोलले.

"पण चांगलं वाक्य आहे ना गं ते," बाबा म्हणाले. "ते मी मुद्दाम बिघडवून लिहू?"

"ते दुसऱ्याचं आहे, बाबा."

"दुसऱ्याचं आहे म्हणून तर बेधडक दिलं. माझं असतं तर लाजलो असतो. आयुष्यभर फळ्यावर मी काय लिहिलं? सगळं का स्वतःचं? चांगलं सापडलं की मुलांपर्यंत पोचवायचं. मुलांनी उतरवून घेतलं, पास झाली. आजवर कुणी विचारलं नाही, मास्तर, हे कुठून आणलंत."

"फळा तास संपला की पुसतात. हे पुसलं जात नाही, जगभर जातं. ज्याने पुस्तक लिहिलं त्याचा त्याच्यावर हक्क असतो. त्याने दिल्याशिवाय आपण वाटायचं नाही. माहिती घ्यावी, शब्द आपले वापरावेत, आणि माहिती कुठली ते खाली सांगावं."

"हं." ते म्हणाले, "आणि माउली? ती तर माझी होती."

"माउलीपण नको."

"जलाशयाला माउली म्हटलं तर कुणाचं काय गेलं?"

"काही गेलं नाही. पण वाचणाऱ्याला पाणी किती ते हवंय, बाबा. तुम्हाला पाण्याबद्दल काय वाटतं ते नकोय. कौतुक असलंच तर ते तिऱ्हाइताने कुठेतरी छापलेलं पाहिजे. आपण घरबसल्या केलेलं धरत नाहीत."

पेपर तपासताना म्हणायचे त्या आवाजात ते म्हणाले, "बरोबर आहे."

आणि ते सुधारले. लेख लहान झाले, कोरडे झाले, त्यांचे झाले. बाहेरून विचारणा व्हायची, "'जुना' चालेल का गं?"

"'जुना' चालेल. 'पुरातन' नको."

"आणि 'प्रशस्त'?"

"किती प्रशस्त ते मोजून सांगा, मग चालेल."

"कोशाचं तुझ्या आईसारखंच आहे म्हणायचं," बाबा पुटपुटायचे. "मोजून सांगा."

मग एकदा ते काहीतरी लिहायला बसले आणि काय लिहितायत ते कुणाला सांगेनात. चहाला हाक मारली तर हात हलवायचे. मला ते नव्या लेखांच्या यादीत दिसलं तेव्हा बाळाच्या तोंडात मी पातळ भाताचा चमचा धरला होता. लेख आमच्या गावच्या ग्रंथालयाचा होता. आई तिथे ग्रंथपाल होती, निवृत्त होईपर्यंत. तो लेख लिहायचं मी स्वतः कितीदा मनात आणलं होतं आणि प्रत्येकदा टाळलं होतं.

पहिला अर्धा भाग उत्तम होता. इमारत, सभासद, पुस्तकं, सगळं मोजून. मग 'ग्रंथपाल' असा मथळा होता आणि त्याखाली हे:

'ग्रंथालय म्हणजे कपाटं नव्हेत. ग्रंथालय म्हणजे या बाई. मुलांच्या हातून फाटलेलं पान त्यांनी कधी टाकलं नाही आणि त्यासाठी कधी कुणा मुलाला रागावल्या नाहीत. चुरगळलेलं पान त्या रात्रभर उशीखाली ठेवून सरळ करत आणि सकाळी छातीशी धरून परत आणत, शेजारणीने सांभाळायला दिलेलं तान्हं आणावं तसं.'

चमचा बाळाच्या तोंडापाशी तसाच राहिला. पण गस्तीची सवय वाईट असते. चमचा तसाच धरलेला असताना अंगठ्याने वाक्य उचललं आणि शोधात टाकलं. ग्रंथालयाच्या साइटवर त्यांची सुवर्णमहोत्सवी स्मरणिका आहे. तिच्यात 'ग्रंथपालबाईंना निरोप' नावाचं पान आहे. शब्द न् शब्द तोच. वर लिहिलेलं: निरोप समारंभातील अध्यक्षांचं भाषण. खाली अध्यक्षांचं नाव.

आता नुसत्या पाळ्या तापल्या नाहीत. राग आला. जलाशयाचं उतरवलं, टपालाचं उतरवलं, ते ठीक. पण जिच्याबरोबर सबंध संसार केला त्या बाईबद्दल लिहायलाही या माणसाला अध्यक्षांचे शब्द लागले.

तेवढ्यात खोडरबरचं आलं, 'ग्रंथालय पाहिलंत का?' बाळाने चमचा उडवला. भात फोनवर, माझ्या कपाळावर, सगळीकडे. मी पुसलं, आणि त्याच हाताने तो भाग सबंध काढून टाकला. कारण लिहिलं, 'उसना मजकूर, पुराव्याशिवाय स्तुती'. मास्तरांच्या चर्चेच्या पानावर शेवटचा इशारा लावला. यानंतर पुन्हा असं झालं तर लिहायची परवानगी काढून घेतात.

'चोख,' खोडरबरने लिहिलं.

रात्री जेवताना बाबांनी विचारलं, "ते ग्रंथपालबाईंचं कुणी काढलं गं?"

"मी काढलं."

"सगळंच?"

"बाबा, ते अध्यक्षांचं भाषण आहे. मला सापडलं ते. इतकं बोललो आपण त्याच्यावर. निदान आईबद्दल तरी स्वतःचं लिहायचंत. याला चोरी म्हणतात."

नवऱ्याने पाण्याचा ग्लास खाली ठेवला आणि हलक्या आवाजात "अगं" म्हणाला. बाबांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. बाळाकडे पाहिलं, ते जमिनीवर सांडलेले भाताचे दाणे टिपत होतं.

"बरं," ते म्हणाले.

उठले, स्वतःचं ताट घासलं, वाटी घासली, पालथी घातली. दुसऱ्या दिवशी दाढी करून खिडकीजवळच्या खुर्चीत जाऊन बसले. कॉम्प्युटरवर त्यांनी जुना टॉवेल टाकला होता, धूळ बसू नये म्हणून.

मला वाटलं, दोन दिवस रुसतील आणि येतील. आले नाहीत. रुसलेही नव्हते. बाळाला फिरवायचे, भाजी निवडून द्यायचे, विचारलं तर बोलायचे. टॉवेल तसाच.

"तू त्यांना चोर म्हणालीस," नवरा एकदा म्हणाला.

"चोर नाही म्हणाले. चोरी म्हणाले."

"हो का. मग फारच फरक पडला." तो बूट घालत होता. "रोज मला दारापर्यंत सोडायला येतात. काल म्हणाले, जावईबापू, बॅग धरू का खालपर्यंत? मी काय उत्तर देणार होतो?"

तो गेला. मी दारात उभी राहिले. बाबा जिन्याच्या कठड्याला धरून खाली बघत होते. खाली कुणी नव्हतं.

आपण चुकलो नाही, हे मी मनाशी पुन्हा पुन्हा म्हणत होते. नियम बरोबर होता, पुरावा बरोबर होता. सांगायची पद्धत चुकली असेल, तर त्याची माफी मागू. एवढीच लाज मला तेव्हा वाटत होती. सोयीची, आटोपशीर.

मग ठमाबाईंनी पुस्तक फाडलं. चित्रांचं पहिलंवहिलं पुस्तक, त्यातलं बदकाचं पान. आधी फाडलं, मग चुरगाळलं, मग चाखून पाहिलं, आणि दमून झोपून गेली. मी तिच्या मुठीतून बदक सोडवलं, मांडीवर ठेवून हाताने सरळ केलं आणि माझ्या उशीखाली सरकवलं.

हात उशीखालीच राहिला.

हे मी ठरवून केलं नव्हतं, हाताने केलं होतं. आणि हाताला ते कुठून आलं होतं ते मला पुरतं ठाऊक होतं. लहानपणी मी आईला चिकटून झोपायचे. ती कुशीवर वळली की उशी कुरकुरायची. 'कोण आहे आत?' मी विचारायचे. ती म्हणायची, 'आज सिंह आहे. झोप, नाहीतर उठेल.' पण बाहेर याबद्दल चकार शब्द काढायची नाही. ग्रंथालयाची फाटकी पुस्तकं घरी न्यायची परवानगी नव्हती. ती लपवून आणायची आणि लपवून न्यायची. उशीचं आमच्या त्या एका खोलीबाहेर कुणालाही माहीत नव्हतं. त्या खोलीत आई होती, मी होते आणि बाबा होते.

अध्यक्ष वर्षातून एकदा सभेला यायचे आणि तिला 'अहो बाई' म्हणायचे. त्यांना तिची उशी कुठून ठाऊक असणार?

आणि मग मला अध्यक्ष दिसले. आमच्या घरातले. खुर्चीच्या कडेवर टेकलेले, हातात रुमाल. "मास्तर, चार ओळी द्या. तुमच्याशिवाय कोण आहे?" मीच त्यांना पाणी नेऊन द्यायचे. गावात कुणीही निवृत्त झालं, कुणी परदेशी चाललं, की बोलायचे अध्यक्ष आणि लिहायचे बाबा. आम्ही घरात त्याच्यावर हसायचो. हे मला कुणी सांगायला नको होतं. मला सगळं माहीत होतं. माहीत नव्हतं म्हणायचीसुद्धा सोय नव्हती. फक्त, बाबा म्हणजे उतरवणारा माणूस असं एकदा ठरवल्यावर मी पुढे आठवायचे कष्ट घेतले नव्हते.

मी बाळाला खांद्यावर घेतलं, बदकाचं पान घेतलं आणि बाहेरच्या खोलीत गेले. बाबा खुर्चीत होते. मी समोर जमिनीवर बसले.

"बाबा, अध्यक्षांचं भाषण तुम्ही लिहिलं होतं."

ते खिडकीबाहेर बघत राहिले. "कोण म्हणालं?"

मी पान त्यांच्या गुडघ्यावर ठेवलं. "उशीखाली ठेवलं होतं."

त्यांनी ते पान उचललं, बोटाने बदकाची मान सरळ केली.

"मला सांगितलं का नाहीत?"

"विचारलं असतंस तर सांगितलं असतं. तू तर निकालच लावलास." आवाजात राग नव्हता, गुण वाचून दाखवावेत तसं ते बोलले. "आणि जेवणाच्या ताटावर जावईबापूंसमोर काय सांगू? की बायकोचं कौतुक स्वतः लिहिलं आणि दुसऱ्याच्या तोंडून करवलं?"

"का करवलंत पण?"

"अगं, तूच नाही का मला शिकवलंस? घरच्यांनी केलेलं कौतुक धरत नाहीत, तिऱ्हाइताने म्हणायला हवं. ते मला तुमच्या कोशाच्या फार आधीपासून ठाऊक होतं. मी म्हटलं असतं तर ती म्हणाली असती, पुरे, दूध उतू चाललंय. अध्यक्ष सभागृहात म्हणाले तेव्हा मान ताठ करून ऐकलं तिने. मी मागे उभा होतो. बघितलं मी."

माझ्याच्याने त्यांच्याकडे बघवेना. मी बाळाच्या पाठीवरून हात फिरवत राहिले.

"जलाशय, टपाल, बाग, ते उतरवलेलंच होतं हो," ते म्हणाले. "त्यात तू चुकली नाहीस. हे एक माझं होतं, आणि कागदावर पाहिलं तर तेही माझं नाही. एकदा दिलं ते दिलं. अध्यक्षांच्या नावावरून आता परत मागायला मी जाणार नाही."

"आईला माहीत होतं?"

"छे. शेवटपर्यंत नाही कळलं तिला."

"बाबा," मी म्हटलं, "ती उशी कुणाची होती?"

ते काहीतरी बोलायला गेले आणि थांबले. हातातल्या पानाकडे पाहिलं. मग फार सावकाश म्हणाले, "त्या संध्याकाळी चपला काढता काढता म्हणाली, 'अध्यक्षांना आपल्या घरातलं बरंच ठाऊक आहे, हो.' मी म्हटलं, मोठी माणसं, चौकशी करतात. तर हसायला लागली. मला वाटलं, भाषण आवडलं."

"आवडलंच होतं."

"म्हणजे तिला तिथेच, खुर्चीत बसल्या बसल्याच कळलं." त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल होत गेल्या. पाळ्यांचं ते माझ्याकडे कुठून आलं, हे मला त्या दिवशी कळलं. "अरे देवा. सबंध सभागृहाला मी तिची उशी दाखवली. आणि ही बाई इतकी वर्षं एक अक्षर बोलली नाही."

"तुम्हीसुद्धा नाही बोललात."

"मी कसा बोलणार? मला तर वाटत होतं…" त्यांनी चष्मा काढला आणि पुसायला बदकाचं पान घेतलं. मग लक्षात आल्यावर ते बाजूला ठेवून सदऱ्याचं टोक घेतलं.

"बाबा, मी चोरी म्हणाले," मी म्हटलं. "तुम्हाला."

"म्हणालीस खरी," ते म्हणाले. तेवढंच. असू दे म्हणाले नाहीत, आणि ते मला बरं वाटलं. असू दे मला झेपलं नसतं.

मग मी मास्तरांच्या चर्चेचं पान उघडलं, आणि हे लिहिणं सोपं जाईल असं मला उगाच वाटलं होतं. पहिल्या खेपेला मी लिहिलं की माझं बाळ लहान आहे. ते खोडलं. त्या दिवशी घाईत होते, असं लिहिलं, ते खोडलं. 'मनापासून', 'अत्यंत', 'नकळत' खोडलं. दुसऱ्यांच्या लेखांतून असलं मी डोळे मिटून काढते. स्वतःचं काढताना एकेका शब्दापाशी अंगठा अडत होता. उरलं ते असं:

'मास्तर हे माझे वडील आहेत. हे मी आधी सांगायला हवं होतं. त्यांच्या सुरुवातीच्या लेखांतला उतरवलेला मजकूर मी कुणाला न सांगता बदलला आणि "भाषा सुधारली" असं कारण लिहिलं. ते कारण खरं नव्हतं. ग्रंथालयाच्या लेखातला मजकूर त्यांनी चोरला, असं मी त्यांना न विचारता ठरवलं. तो मजकूर मुळात कुणाचा, याबद्दल मला आता जे समजलं आहे त्याला कोशात चालेल असा पुरावा नाही, म्हणून तो बाहेरच राहील. शेवटचा इशारा मी मागे घेते. त्यांच्या लेखांवर यापुढे मी गस्त घालणार नाही.'

बाबांना वाचून दाखवलं. "कोरडं आहे," ते म्हणाले. "पाठव."

खोडरबरचं उत्तर दुसऱ्या दिवशी आलं. 'नोंद घेतली. आपण आजवर तपासलेले इतर लेखही आता पुन्हा पाहावे लागतील.' त्याखाली काही नव्हतं. तो शब्द येईल अशी माझी अपेक्षा नव्हती, तरी मी पान पुन्हा एकदा उघडून पाहिलं. तेव्हापासून तो माझे जुने लेख एकेक करून तपासतोय. रोज यादीत दिसतं. बरोबरच करतोय. मी त्याच्या जागी असते तर हेच केलं असतं, आणि तरी ती यादी उघडताना मला फोन जरा तिरका धरावासा वाटतो, घरात बघायला कुणी नसलं तरी.

टॉवेल निघायला आणखी काही दिवस लागले. एका दुपारी बाहेरून हाक आली.

"इकडे ये गं जरा. विशेषण राहिलंय का बघ."

मी बाळाला कडेवर घेऊन दारातच थांबले. "मी तुमच्या लेखांवर गस्त घालत नाही, बाबा. लिहून दिलंय मी तसं."

"मग नको घालू गस्त. नुसतं वाच."

ग्रंथालयाचा लेख होता. मोकळ्या पडलेल्या मथळ्याखाली दोन वाक्यं आली होती. आईचं नाव, आणि पुढे, 'या ग्रंथालयाच्या पहिल्या पूर्णवेळ ग्रंथपाल होत्या. फाटलेली पुस्तकं त्या स्वतः दुरुस्त करत.' खाली पुरावा म्हणून ग्रंथालयाचा छापील अहवाल. तो अहवाल मी पाहिलेला आहे. त्यात फाटलेली पुस्तकं ग्रंथपाल दुरुस्त करत असं आहे. 'स्वतः' नाही. बाबांनाही ते ठाऊक होतं. ते पडद्याकडे बघत होते, माझ्याकडे नाही.

मी वाचलं. वाचून झाल्यावर परत वाचलं.

ठमाबाईंनी कडेवरून झेप घेतली आणि पंजा कीबोर्डवर आपटला. 'स्वतः'च्या पुढे अक्षरांची एक लांबलचक रांग उमटली.

"बघ," बाबा म्हणाले, "हे मात्र हिने कुठूनही उतरवलेलं नाही." आणि ती अक्षरं ते एकेक करून पुसायला लागले. 'स्वतः'पाशी येऊन त्यांचं बोट थांबलं.